पऱ्हाटीच्या भिंतींचा दवाखाना

मला पहिली नोकरी लागली तेव्हा माझ्या दवाखान्याला छप्पर होतं, पण भिंती नव्हत्या.

मी धुळ्याची. जळगावला राहून सुइणीचं शिक्षण पुरं केलं आणि सावद्याच्या बाजूला एका खेड्यात बाळंतपणाचं केंद्र निघणार होतं, तिथं माझी नेमणूक झाली. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. खेड्यातल्या बायकांची बाळंतपणं नीट व्हावीत म्हणून ठिकठिकाणी अशी केंद्रं काढायचं चाललं होतं. एकटी मुलगी परगावी जाणार म्हणून वडील सोबत आले. धुळ्याहून चाळीसगाव, तिथून भुसावळ, मग गाडी बदलून सावदा, आणि पुढे बैलगाडी. दोन्ही बाजूंना केळीचे मळे आणि मध्ये धुळीची वाट. माझ्या मांडीवर कात्र्या, चिमटे, स्पिरिटचा दिवा असं सगळं भरलेली पत्र्याची पेटी. गाडीवानानं एका मोकळ्या जागेत बैल थांबवले आणि म्हणाला, "हा घ्या बाई तुमचा दवाखाना."

सागाचे काळेभोर खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कौलं. खाली जमीन सारवलेली. बाकी चारी बाजूंनी वारा. आत दोन शेळ्या बसून रवंथ करत होत्या.

वडील आमच्या अहिराणीतच बोलत. खाली उतरून त्यांनी एक फेरी मारली आणि मला विचारलं, "हाई दवाखाना शे? मंग भिती कोठे शेतस?"

उत्तर गावच्या सरपंचांनी दिलं. त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं. पांढरंशुभ्र धोतर, भरघोस मिशा, आणि आवाज असा की दूर मळ्यातल्या माणसाला हाक मारताहेत असं वाटावं. ते म्हणाले, "विटा येऊ राहिल्या, भाऊ. सरकारी काम व्हय. पक्क्या विटांचंच व्हईल."

हा सांगाडा मूळचा शेजारच्या शेठजींच्या कापसाच्या गोदामाचा. त्यांचे वाडवडील राजस्थानातून इकडे येऊन व्यापारात स्थिरावलेले. नवं गोदाम बांधल्यावर जुन्याच्या पत्र्याच्या बाजू त्यांनी काढून नेल्या आणि खांब-छप्पर केंद्रासाठी गावाला दिलं. भिंती गावानं बांधायच्या होत्या. त्यासाठी वरून विटा मिळायच्या होत्या, आणि त्या येऊ राहिल्या होत्या.

वडील मला परतच न्यायला निघाले होते. त्यांना थांबवलं नानांच्या थोरल्या बहिणीनं. तिला सगळे अक्का म्हणत. ती लवकर विधवा झालेली, माहेरी परत येऊन आपल्या वाटच्या केळी आणि कापूस स्वतः करणारी बाई. माझी राहायची सोय तिच्याकडेच केली होती. तिनं वडिलांच्या हातात ताकाचा तांब्या दिला आणि म्हणाली, "भाऊ, भिंती नही तर नही. पोरगी माह्या घरात राहीन. माह्या घराले चार भिंती हायेत, अन् मी पाचवी." वडील हसले. ताक प्यायले आणि दुसऱ्या दिवशी एकटे परत गेले.

मी कामाला लागले. पण उघड्यावर पोटुशी बाई तपासणार कशी? अक्कानं युक्ती काढली. चार बायकांनी चार कोपऱ्यांत उभं राहून दोन लुगडी ताणून धरायची आणि आत मी तपासायचं. धरणाऱ्या बायका गप्प बसत नसत. आत कोणाला कितवा महिना निघाला ते मी तोंडानं बोलायच्या आत लुगड्यापलीकडे पोहोचलेलं असे. एकदा एक म्हातारेबाबा येऊन लुगड्यालाच सांगू लागले, "बाई, खोकला लय झाला, काही औषध द्या." एकदा नानांच्या म्हशीनं लुगड्याखालून तोंड आत घातलं आणि तपासायला झोपलेली बाई किंचाळत उठून बसली. आम्ही हसायचो. पण हसू आलं तरी बायका कमीच यायच्या, हेही खरं.

फाल्गुनात एके दुपारी वावटळ उठली. पाचोळा, धूळ, केळीची फाटकी पानं गरगरत आली आणि चौघींच्या हातांतलं लुगडं उडवून थेट शेठजींच्या ओट्यावर टाकलं. आत पहिलटकरीण होती, जेमतेम सतरा-अठराची. ती जी उठून पळाली ती पुन्हा केंद्राकडे फिरकली नाही. मी तिच्या घरी गेले तर आतूनच निरोप आला की मुलगी बरी आहे, बाईंनी काळजी करू नये.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन बसले. अक्का चुलीपुढे बसून पऱ्हाट्या मोडून जाळात सारत होती. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं वाळलेलं झाड. कापूस वेचून झाला की ती उपटून आणायची आणि वर्षभर जळण म्हणून वापरायची, ही घरोघरची रीत. प्रत्येक परसात तिचे ढीग असत. अक्का हातातली काडी मोडता मोडता थांबली आणि तिच्याकडे बघत राहिली.

"पोरी," ती म्हणाली, "हे आपण जाळतो काहून?"

"मग काय करायचं?"

"भिंत. माह्या सासरी गोठ्याले पऱ्हाटीचा कूड होता. वर माती लिंपेल. माह्या सासूच्या वक्ताचा. वारा आत येत नव्हता, अन् उन्हाळ्यात ढोरं सुखात राह्यत."

"पण नाना म्हणतात विटा..."

"नाना माह्या पाठचा व्हय," ती म्हणाली. "त्याले मी पाहते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण-भावाचं जे भांडण झालं ते अर्ध्या गावानं ऐकलं. नाना म्हणत होते, सरकारी दवाखान्याला कुडाच्या भिंती केल्या तर आजूबाजूच्या गावांत आपली काय शोभा राहील? उद्या तपासणीला भुसावळच्या डॉक्टरीणबाई आल्या तर त्यांना काय दाखवायचं, गोठा? अक्का शांतपणे ऐकून घेत होती. त्यांचं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "तुह्या विटा कधी येतील?"

"येऊ राहिल्या."

"आल्या की कूड पाडू. पाडायले एक दुपार लागन. तवलोक तुह्या गावच्या बायकांनी काय करावं?"

नानांनी मिशीवर हात फिरवला, इकडेतिकडे बघितलं आणि शेवटी म्हणाले, "करा तुमच्या मनाचं. माह्यं नाव सांगू नका." लगेच जाता जाता वळून म्हणाले, "बांबू लागले तर माह्या बेटातले तोडा."

दिवस ठरला धुळवडीचा. अक्काचा हिशेब असा की त्या दिवशी नाहीतरी सगळं गाव चिखलानं माखतं. पुरुष आपल्या दंग्यात असतात, आपण आपला चिखल करू. आदल्या आठवड्यात गडी-माणसांनी नानांच्या बेटातले बांबू चिरून खांबाखांबांच्या मध्ये, आणि आत तपासणीच्या एका खोलीसाठीही, आडव्या पट्ट्या ठोकून दिल्या. जुन्या गावठाणातली पांढरी माती गाड्यांनी आणून टाकली. आमच्याकडची काळी माती वाळली की तडकते, म्हणून भिंतीला पांढरी. एवढं झाल्यावर अक्कानं पुरुषांना हाकलून दिलं. "आता इथं बायकांचं काम," ती म्हणाली, "धुळवड झाल्यावर या पाहायले."

होळीच्या दिवशी दुपारी माती भिजत घातली आणि धुळवडीला सकाळी बायका जमल्या. कोणी डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा, कोणी शेणाची पाटी, कोणी घागर. केळीच्या खोडाची सोपटं आधीच पाण्यात भिजवून ठेवली होती. सोपट ओलं असलं की दोरीसारखं वळतं, आणि वाळलं की गाठ घट्ट आवळते. आधी पऱ्हाट्या उभ्या, दाटीवाटीनं लावून सोपटांनी बांबूच्या पट्ट्यांना बांधल्या. मग मातीत शेण आणि गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा, टाकून तुडवायला सुरुवात झाली. गव्हांडा नानांच्याच खळ्यावरून आणला होता.

मी लुगडं खोचून चिखलात उतरले. धुळ्याला आमच्या घराच्या भिंती दगडाच्या. चिखलात असा पाय मी कधी घातला नव्हता. थंडगार माती बोटांमधून वर आली आणि गुदगुल्या झाल्या. दोन फेऱ्या नीट मारल्या, तिसरीला पाय सरकला आणि मी अख्खी आडवी. मग अक्का म्हणाली, "तेवढी जागा तुडवून झाली. पुढं सर." त्यानंतर जे हसू फुटलं ते बराच वेळ थांबलं नाही. त्या हसण्यात मला लांबून एक ओळखीचा चेहरा दिसला. वावटळीच्या दिवशी पळून गेलेली ती पोर भारा घेऊन आली होती. पदर तोंडाला लावून तीही हसत होती.

कुडाला माती दोन्ही बाजूंनी एकाच वेळी लावावी लागते. एकीनं बाहेरून गोळा दाबायचा, दुसरीनं आतून त्याच जागी दाबायचा, म्हणजे काड्यांच्या फटींमधून दोन्ही गोळे एकमेकांत रुततात आणि सुटत नाहीत. त्यामुळे प्रत्येकीला पलीकडची जोडीदारीण लागते. तोंड दिसत नाही, हात मात्र कळतात.

मी बाहेर होते, शेठजींच्या घराच्या बाजूला. त्यांच्या ओट्यावर शेठाणीबाई पाट टाकून बसल्या होत्या आणि सगळीकडे नजर ठेवून होत्या. त्यांच्याकडे होळीच्या दुसऱ्या दिवसापासून गणगौर, म्हणजे त्यांच्या मुलखातली गौर, बसते. घरातली सकाळची पूजा आटोपून त्या आल्या होत्या, आणि त्यांच्या मागे लांब घुंगट घेतलेली त्यांची सून. त्या तिला बिंदणी म्हणत. तिला दिवस गेलेले आहेत हे गावाला माहीत होतं, पण तिला तपासायला मला कधी बोलावलं नव्हतं. "उघड्यावर? लुगड्याच्या आड?" असं शेठाणीबाई एकदा अक्काला म्हणाल्याचं मी ऐकलं होतं. आज पुरुष कोणी नाहीत हे बघून सुनेनं सासूच्या कानात काहीतरी सांगितलं. शेठाणीबाईंनी बराच विचार करून मान हलवली. सून ओटा उतरून केंद्राच्या आत गेली, सावलीत खाली बसली आणि भिंतीच्या तळाची माती लिंपू लागली. तिची बाहेरची जोडीदारीण मी.

ती सफाईनं करत होती. माझा गोळा पोहोचायच्या आत तिचा पोहोचलेला असे. मी काड्यांमधून म्हटलं, "तुम्हाला येतं की हे!" पलीकडून हळू आवाज आला, "म्हारे पीहर में भी ऐसी भींत होवे." तिच्या माहेरीही अशाच मातीच्या भिंती होत्या तर. लग्न होऊन इकडे आल्यापासून मातीला हात लावला नव्हता, असंही तिनं सांगितलं. मी मराठीत, मध्येच अहिराणीत बोलत होते, ती तिच्या बोलीत, आणि आम्हाला काही अडलं नाही.

अशीच बोटं फटीतून एकमेकींना भिडली आणि मी थांबले. तिची बोटं सुजलेली होती. चिखल होता तरी कळत होतं. अंगठी मांसात रुतून बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना बोट फुगलं होतं.

"ही अंगठी निघते का?" मी विचारलं.

"ना. महिना झाला."

"डोकं दुखतं?"

तिनं आधी हातातला गोळा दाबला. मग ती म्हणाली, "रोज."

"डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं?"

"कधीकधी. सासूजींना मत कहना."

शिकताना आम्हाला ह्या खुणा पुनःपुन्हा घोकायला लावल्या होत्या. शेवटच्या महिन्यांत हातापायांवर, तोंडावर सूज आणि डोकेदुखी आली आणि दुर्लक्ष झालं, तर बाळंतपणात झटके येऊन आई आणि मूल दोन्ही हातचे जातात. मी एक असं प्रकरण जळगावला पाहिलं होतं. ते मला आजही आठवतं.

मी तशीच, कोपरापर्यंत माखलेल्या हातांनी, शेठाणीबाईंपुढे जाऊन उभी राहिले. सुनेनं सांगितलेलं काही न बोलता म्हटलं, "काकीजी, तुमच्या सुनेचे हात मी भिंतीतून पाहिले. मला तिला आजच तपासायचंय."

त्या भडकल्या नाहीत. एकदम म्हाताऱ्या दिसल्या. म्हणाल्या, "कुछ बुरा है क्या?"

"वेळेवर पाहिलं तर नाही."

त्यांनी आपल्या घराकडे पाहिलं, मग आमच्या अर्ध्या भरलेल्या भिंतींकडे. "ती आतली भींत," त्या म्हणाल्या, "शाम तक होईल?"

अक्कानं ऐकलं आणि हाक दिली. सगळ्या बायका बाकीच्या बाजू सोडून आतल्या एका खोलीवर तुटून पडल्या. तीन बाजू दुपारपर्यंत लिंपून झाल्या. चौथ्या बाजूला दाराच्या जागी शेठजींकडचा जाड कापडाचा तागा लावला. ओल्या मातीचा वास दाटलेल्या त्या खोलीत, पहिल्यांदाच कोणी लुगडं न धरता, मी बाई तपासली. स्पिरिटच्या दिव्यावर नळीत लघवी तापवून पाहिली. ती दुधासारखी फुटली, म्हणजे माझी शंका खरी होती. सूज घोट्यांवरही होती. बाळाचे ठोके मात्र छान होते.

मी शेठाणीबाईंना समजावलं. डाव्या कुशीवर पडून राहायचं, काम नाही, मीठ नाही, लोणचं-पापड तर मुळीच नाही.

"पापड नहीं?" त्यांना हे सगळ्यात अवघड वाटलं. "तो खाएगी क्या?"

"ताक, भाजी, फळं. केळी खा. गावात केळीला काय तोटा?"

त्याच संध्याकाळी नानांचा गडी सायकलवरून भुसावळच्या डॉक्टरीणबाईंकडे माझा निरोप घेऊन गेला. नाना भिंती पाहायला आले होते, त्यांनीच त्याला पाठवलं. जाता जाता त्यांनी ओल्या भिंतीवर बोट दाबून पाहिलं.

पुढच्या दिवसांत आम्ही बाकीच्या भिंती पुऱ्या केल्या. ऊन कडक होतं, बाहेरची बाजू भराभर सुकत होती. आतली आणि उत्तरेकडची बाजू सावलीत असल्यामुळे ओलसर राहिली. आणि एके सकाळी मी केंद्रावर गेले तर उत्तरेची भिंत हिरवी झालेली.

आधी मला वाटलं, डोळ्यांना काही झालं. जवळ गेले. मातीतून बोट-बोट उंचीचे कोवळे, पोपटी अंकुर बाहेर आले होते, शेकड्यांनी. तळापासून छातीइतक्या उंचीपर्यंत. मी अक्काला ओरडून हाक मारली, आणि घाबरले की माझी अहिराणीच बाहेर येते. "अक्का, हाई काय शे? भिंत उगी गयी!"

अक्का आली. तिनं एक अंकुर उपटला, मुळाशी बघितलं, आणि खाली बसून हसायलाच लागली. गहू होता. नानांच्या खळ्यावरचा गव्हांडा नीट उफणलेलाच नव्हता. त्यात दाणे राहिले होते ते ओल्या भिंतीत उगवले. तासाभरात सगळं गाव पाहायला जमलं. जो येई तो नानांना विचारी, "नाना, औंदा गहू खळ्यावर काढला का भिंतीवर पेरला?" स्वतःच्या शेतीचा नानांना फार अभिमान. ते लालबुंद झाले. आणि त्याच सकाळी भुसावळहून निरोप आला की डॉक्टरीणबाई दुपारी येत आहेत.

त्या सुनेला तपासायला येत होत्या, पण नानांच्या डोक्यात तपासणीच बसली होती. त्यांनी गड्याला खुरपं घेऊन बोलावलं. "बठ्ठं खरवडून काढ. बाई यायच्या आत."

गड्यानं खुरपं भिंतीला लावलं आणि शेजारच्या ओट्यावरून आवाज आला, "हात मत लगाना!"

शेठाणीबाई घराच्या पायऱ्या उतरून तरातरा येत होत्या. गावानं त्यांना इतक्या घाईत कधी पाहिलं नव्हतं. त्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या आणि हात जोडले. गणगौरीत त्यांच्याकडे कुंड्यांत गहू पेरतात, त्या अंकुरांना जवारा म्हणतात आणि त्यांची पूजा करतात. त्यांच्या कुंडीतला जवारा औंदा विरळ आला होता, तेवढ्यावरून त्यांच्या मनाला घोर लागला होता. आणि इथं, ज्या भिंतीमागे त्यांची सून तपासली गेली, ती भिंतच उगवली होती.

"नानाजी," त्या म्हणाल्या, "गणगौर उठेपर्यंत ह्या भींतला कोणी हात लावणार नाही. लावायचा तर आधी मला."

नाना काही बोलणार होते, पण आमच्या बायकाही एकेक करून शेठाणीबाईंच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. कोणी हळदकुंकू आणलं. नानांनी खुरपं गड्याच्या हातातून घेतलं आणि आपल्याच काखेत मारून निघून गेले.

डॉक्टरीणबाई दुपारी टांग्यातून उतरल्या. उंच, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी हळदकुंकू लावलेली हिरवी भिंत पाहिली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिली. नाना पुढे होऊन म्हणाले, "विटा येऊ राहिल्या, बाईसाहेब."

"कशाला?" त्या म्हणाल्या. "आत किती गार आहे!" आणि पेशंट कुठे आहे ते विचारत आत गेल्या. तपासून बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "वेळेत पाहिलंस. हेच चालू ठेव. डोकेदुखी वाढली तर एक क्षण न थांबता भुसावळला आणायचं." शेठाणीबाईंना त्यांनी सांगितलं की ही मुलगी सांगेल तसंच वागायचं. मला आठवतं, त्या 'नर्स' न म्हणता 'मुलगी' म्हणाल्या आणि मला दिवसभर बरं वाटत राहिलं.

त्यानंतर रोज सकाळी सून केंद्रात येऊन डाव्या कुशीवर पडायची. घरी पडलं तर कामं दिसतात, इथं दिसत नाहीत. मी तिची सूज बघायची, नळी तापवायची. हळूहळू सूज उतरत गेली, डोकं दुखायचं थांबलं. साबण लावून लावून एक दिवस ती अंगठीही निघाली. पडल्या पडल्या ती मला तिच्या बोलीतले शब्द शिकवायची आणि माझ्याकडून अहिराणी शिकायची. तिनं पहिल्यांदा "बठ्ठं बरं शे", म्हणजे सगळं ठीक आहे, असं म्हटलं तेव्हा अक्कानं कपाळाला हात लावला. "इथं राहून शिकली, तेही धुळ्याचं!"

गणगौर उठली. भिंतीतले अंकुर तोवर उन्हानं पिवळे पडले होते. आम्ही ते कापून घेतले आणि वरून शेणामातीचा शेवटचा हात फिरवला.

वैशाखातल्या एका सकाळी सुनेला कळा सुरू झाल्या. बाहेर अंगाची लाही होत होती, त्या खोलीत मात्र मातीच्या माठाजवळ बसल्यासारखं वाटे. अक्का माझ्या मदतीला होती. झटक्यांची भीती माझ्या मनातून जात नव्हती. दर थोड्या वेळानं मी तिला विचारायची, "डोकं?" ती मान हलवायची, नाही. दुपार व्हायच्या आत मुलगी झाली. लहानशी, पण रडणं असं की बाहेर नानांना ऐकू गेलं.

शेठाणीबाई दाराशी उभ्या होत्या. नातू हवा असं त्यांनी महिनोन्‌महिने बोलून दाखवलं होतं, म्हणून मुलगी झाली हे सांगताना मी जरा कचरले. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी विचारलं, "बिंदणी? बिंदणी ठीक है?"

"अगदी ठीक."

त्या तिथंच, उंबऱ्यावर, मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. अक्का बाळाला गुंडाळून बाहेर घेऊन आली आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी बाळाचं नाक निरखलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "नाक म्हारो है."

बाळंतीण हिंडू-फिरू लागल्यावर तिनं एक काम मागितलं. खडूची माती पाण्यात कालवून, काडीला कापूस गुंडाळून तिनं आतल्या भिंतीवर पांढऱ्या रेघांची नक्षी काढली, तिच्या माहेरी काढतात तशी. चौकटी, वेली, मध्ये एक मोर. मोराची मान जरा आखूड झाली. ती पुसू का म्हणाली, मी नको म्हटलं.

त्या उन्हाळ्यात केंद्रात गर्दी वाढली. तपासायला येणाऱ्या बायका होत्याच, पण ज्यांना काही झालेलं नव्हतं त्याही येत. दुपारी खोली गार, म्हणून निवडायचं धान्य, शिवायची गोधडी घेऊन यायच्या. मी आधी हाकलायची. मग लक्षात आलं की गप्पांच्या ओघात जी बाई सहा महिने लपवलेलं दुखणं सांगते, ती विचारून कधीच सांगत नाही. मी हाकलायचं सोडलं. वावटळीत पळालेली ती पोरही अशीच गोधडी शिवायला येऊ लागली आणि आषाढात तिचं बाळंतपण तिथंच झालं. विटाही कधीतरी आल्या. तोवर भिंती पाडायला कोणी तयार नव्हतं, नाना तर अजिबात नाही. त्या विटांची न्हाणी बांधली, आणि शेजारगावचे पाहुणे आले की नाना त्यांना भिंतीवर थाप मारून दाखवत आणि म्हणत, "मी पहिल्यापासून सांगत होतो."

पुढच्या फाल्गुनात तापीकडच्या एका गावातून चार बायका आमच्याकडे आल्या. त्यांच्याकडे शाळेची खोली अर्धवट पडली होती. कूड कसा करतात ते दाखवायला कोणी येईल का, असं विचारत होत्या. अक्कानं ठरवलं की आपण जायचं. एका पहाटे दोन गाड्या निघाल्या. पुढच्या गाडीत भिजलेली सोपटं आणि आम्ही सहा-सात जणी, मागच्या गाडीत शेठाणीबाई, त्यांची सून आणि दुपट्यात गुंडाळलेली नात. शेठाणीबाईंनी वाटेत सगळ्यांना पुरेल इतका फराळ घेतला होता, त्यात पापडही होते. केळीच्या मळ्यांमधून जाताना सून घुंगट जरा मागे सारून इकडेतिकडे बघत होती, आणि सासू ते न पाहिल्यासारखं करत होती.

तिथं पोहोचल्यावर अक्कानं आधी माती हातात घेऊन चुरगाळली आणि नाक मुरडलं. आमच्यापेक्षा ती फार चिकट निघाली, गव्हांडा दुप्पट लागला. तो आणायला त्यांच्या सरपंचांच्या खळ्यावर माणूस पाठवताना अक्कानं त्याला बजावून सांगितलं, "उफणेल आण बरं का." आणि आम्ही लुगडी खोचून चिखलात उतरलो.